आईच्या वजनाची वाळू

मी मोटारसायकल हौसेसाठी घेतली असं आमच्या वाडीत अजूनही काही लोक सांगतात. सांगोत बापडे. हौस होतीच, ती मी कधी नाकारली नाही. पण नुसत्या हौसेसाठी कुणी मोटारसायकलच्या मागे मासळीची पाटी बांधत नाही आणि आईला बसवून बाजारात नेत नाही.

माझी आई मासे विकायची. मालवणच्या किनाऱ्यावर वडिलांची होडी लागली की ती पाटी भरायची, डोक्यावर घ्यायची, कुंभारमाठची चढण चढायची आणि वरचा कातळाचा सडा तुडवत कट्टा गावच्या बाजारापर्यंत चालायची. बसमध्ये पाटी घेत नसत, वास येतो म्हणत. तोच वास दुपारी ताटातून आला की मात्र ह्याच लोकांना दोन घास जास्त जायचे. एका वर्षी तिची मान अशी धरली की हाक मारली तर तिला सगळं अंग वळवून बघावं लागे. मला ते बघवेना. त्याच वर्षी मी बेळगावहून लष्कराच्या लिलावातली जुनी मोटारसायकल आणली. आणली म्हणजे निम्मी चालवत आणि निम्मी ढकलत आणली.

यंत्र चांगलं होतं, टायर टकले होते. फाटलेल्या जागी आतून जुन्या टायरचे तुकडे घालून मी ते दोन वर्षं रेटले. मग एका पावसाळी सकाळी कुंभारमाठच्या वळणावर गाडी सरकली आणि मी, आई आणि पाटीभर बांगडे असे सगळे रस्त्यावर लोळलो. आईचं मनगट सुजलं. ते उतरेपर्यंत तिला पाटी उचलता आली नाही. वडील फार बोलणारे नव्हते, त्या दिवशी एवढंच बोलले, "तिका परत पाडलंस तर फटफटी त्याच दिवशी इकूची. मगे ती आनी तिचे पाय."

गोवा पोर्तुगीजांकडून मोकळा झाला होता आणि येणंजाणं सुरू झालं होतं. मी म्हापशाला गेलो. तिथल्या दुकानदाराने परदेशी टायरांची एक जोडी काढली, खोल नक्षीची, अंगावर रबराचे बारीक बारीक केस असलेली. तो कोकणीत म्हणाला, "धांवपाकय बरे, पयस वचपाकय बरे." जोरात पळायलाही आणि लांब जायलाही. मला दोन्ही करायचं होतं. दोन्ही टायर खांद्यात अडकवून मी घरी आलो आणि संध्याकाळी अंगणात बसून स्वतः चढवले. बोटांची सालं निघाली, पण चाकं फिरवून बघताना मला लग्नातल्यासारखं वाटत होतं.

वडिलांना टायर पसंत पडले नाहीत. त्यांना माझ्या हातात कुठलीच गोष्ट पसंत पडत नसे. त्यांनी अट घातली, की आई बसण्याआधी तिच्या वजनाची वाळू बांधून चढण चढून उतरून दाखवायची. आईला खोबऱ्याच्या वखारीतल्या काट्यावर उभं केलं.

"पाटी घेवन काय पाटीशिवाय?" वडिलांनी विचारलं.

"पाटी घेवन," आई म्हणाली. "पाटीशिवाय मियां कदी बाजारात गेलंय?"

वखारीतले लोक हसले. तिच्या आणि पाटीच्या वजनाची वाळू दोन गोणींत भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी बाहेर काढली तेव्हा चाकांना हळदकुंकू लावलेलं होतं आणि टायर चकाकत होते. नव्या टायरला तकाकी असतेच, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गोणी मागे आवळून बांधल्या आणि निघालो. आई-वडील आधीच चालत पुढे गेले होते. चढणीच्या पायथ्याशी चहाचं दुकान होतं आणि वळण तिथून स्पष्ट दिसायचं, त्यामुळे बाकांवर जागा उरली नव्हती. एक पेन्शनर मास्तर तर खास कोट घालून आले होते. मी पडेन म्हणून आले होते, हे मी आजही शपथेवर सांगेन.

सरळ रस्त्यावर गाडी लोण्यासारखी गेली. चढणीलाही कुरकुरली नाही. वळणावर मी ती झुकवली मात्र, मागचं चाक पायाखालून कुणी ओढून घ्यावं तसं गेलं. गाडी आडवी झाली, मी कोपरावर घासत गेलो, आणि दोन्ही गोणी फुटून लाल रस्त्यावर पांढरी वाळू पसरली.

लोक धावत वर आले. मास्तर सर्वांत मागून आले, पण बोलले सर्वांत आधी. शुद्ध मराठीत म्हणाले, "मी आधीच सांगितलं होतं. फटफटी म्हणजे होडी नव्हे. ज्याने त्याने आपापलं काम करावं."

वडिलांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "संपला," ते म्हणाले. "इकून टाक."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टायर नवे होते, वेग बेताचा होता, रस्ता कोरडा होता. मी गाडी उचलली आणि चाक बघितलं. मधला पट्टा रस्त्याला घासून धुळकट झालेला होता. पण कडेचा भाग, जो फक्त गाडी झुकल्यावर रस्त्याला लागतो, तो तसाच चकाकत होता आणि त्याला वाळू चिकटली होती. मी बोट फिरवलं. तेल. नाकाजवळ नेलं. तारली माशाचं तेल! आमच्या घरात भिंतींनाही तो वास, त्यामुळे सकाळी कुणाला कळणार?

तारलीचं तेल आम्ही होडीला लावतो. नवी फळी बसवली की लावतो, म्हणजे खारं पाणी लाकूड खात नाही. आमच्या घरात नव्या वस्तूचे लाड करायचे ते असे. आणि ते काम आईचं.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला तिचाच राग आला. एक शब्द बोललो असतो तर मी सुटलो असतो, टायर सुटले असते. पण मग मास्तर आणि त्यांचं बाकडं ती गोष्ट मरेपर्यंत चघळत बसलं असतं. मी बोट शर्टाला पुसलं. विकावी लागली तर विकू म्हटलं.

आईने ते बोट बघितलं होतं.

"त्याल मियाच लावलंय," ती म्हणाली. हळू नाही, बाजारात भाव सांगते त्या आवाजात. "सकाळी. होडयेक लावतंव, मगे रबराक नको? माका काय म्हायत? माज्या झीलाची चूक नाय."

कुणीतरी खिदळलं. मास्तर म्हणाले, "घ्या! आता टायरला तेल!"

आईने सगळं अंग वळवून त्यांच्याकडे तोंड केलं. "हसा, मास्तर. बसीत माका घेनत नाय, आनी फटफटीर बसलंय तर तुमचा पोट दुखता. मगे तुमचे बांगडे काय उडान येतले?"

मास्तरांनी कोटाचं बटण लावलं. ते आधीच लावलेलं होतं.

मग ती वडिलांकडे वळली. "तुमी काय म्हणलात? माका पाडल्यान तर इकूची. मी खंय पडलंय? पडली ती वाळू. मी हय उबी आसंय."

चाळीस वर्षं होडी चालवलेला तो माणूस पाठ करून रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. आईने माझ्याकडून गाडी चहाच्या दुकानापर्यंत उतरवून घेतली, चुलीतली राख मागितली, नारळाच्या काथ्याचं सोडण मागितलं, आणि भांडी घासावीत तसे दोन्ही टायर स्वतः घासले. पाणी ओतलं, परत राख, परत पाणी. कुणाची मदत घेतली नाही. मी गाडी धुळीत पुढेमागे फिरवली. मग तिने पदर खोचला आणि मागे बसली.

मला भीती वाटत होती. वळण जवळ आलं तसा मी वेग उतरवला. वाळू बाहेरच्या अंगाला होती, मी आतून गाडी घेतली आणि झुकवली. टायरांनी रस्ता धरला. असा धरला की त्या यंत्राच्या पोटात एवढं बळ आहे हे मला त्या दिवशी कळलं. सड्यावर वारा लागला. मी ओरडून विचारलं, बरं वाटतं का? ती म्हणाली, "हळू कित्याक चलवतंस?"

चौके गावापर्यंत गेलो. डोक्यावर काही नाही, मागे पाटी नाही, विकायचं काही नाही. तिथे उतरून ती नुसती उभी राहिली, लोकांना दिसेल अशी. मग पुन्हा बसली.

परतताना मला काळजी लागली. उतरताना सांडलेली वाळू आमच्याच बाजूला येणार होती, आणि उताराच्या वळणावर वाळू म्हणजे तेलाहून वाईट. वेग कमी करत मी वळणाशी आलो. प्रेक्षक पांगले होते. वडील एकटेच होते. चहावाल्याचा खराटा घेऊन ते रस्त्यात ओणवे झाले होते आणि वाळू कडेच्या गटारात लोटत होते. आमची बाजू त्यांनी साफ केली होती. खराट्याच्या रेघा लाल मातीत ताज्या दिसत होत्या.

गाडीचा आवाज ऐकून ते बाजूला झाले. मी थांबवणार होतो, आईने पाठीत बोट टोचलं. थांबलो नाही.

"ऐकलात?" त्यांच्याजवळून जाताना ती ओरडली. "उद्या होडयेतलां म्हावरां येळार येवक होया. आमी थांबूचंव नाय."

"येतलां," वडील म्हणाले आणि उरलेली वाळू झाडायला पुन्हा वाकले.