हिरव्या दगडाची झिलई

हे मी कुणापाशीच बोललेले नाही. यांच्यापाशी नाही, लेकीपाशी नाही. देवापाशी म्हणाल, तर त्याच्यापुढे हात जोडते तेव्हाही मी दुसरंच काहीतरी मागत असते. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुमच्यापाशी तोंड उघडतेय. नाहीतर कधी उघडलं असतं का? बहुतेक नाही.

आमच्या घरी, रत्नागिरीत, बाहेरच्या खोलीत काचेचं एक कपाट आहे. त्यात दगड आहेत. शोभेचे, पॉलिश केलेले. माझे सासरे मालवाहू जहाजावर होते. दुसरे खलाशी परदेशातून अत्तरं आणायचे, रेडिओ आणायचे. आमचे सासरे दगड आणायचे. एक गुलाबी, एक जांभळा, पट्ट्यापट्ट्यांचे अकीक, एक दुधी रंगाचा, आणि एक अंड्याएवढा हिरवा. त्याच्यावर गडद नि फिक्या हिरव्याची वळी होती आणि झिलई अशी की खिडकीचे गज त्यात दिसायचे. तो त्यांनी शेवटच्या सफरीत आणला. त्यानंतर ते फार जगले नाहीत.

सासूबाई त्या दगडांचं जे करायच्या ते बघण्यासारखं होतं. कोमट पाण्यात रिठ्याचा थोडासा फेस, सासऱ्यांचा दाढीचा जुना ब्रश, आणि पुसायला धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर. जांभळ्याला ऊन लागू द्यायचं नाही, रंग उडतो. अकीक एकमेकांवर घासू द्यायचे नाहीत. हिरव्याला तर पाणीसुद्धा नाही, नुसतं कोरडं फडकं. ‘ह्याला आंबट तर दाखवायचापण नाय,’ असं त्या म्हणायच्या. मी जवळ गेले की हात आडवा. ‘तू नको गो, मी करतंय.’ माझ्या बाळंतपणात माझी एवढी काळजी घेतली नाही, असं मी माहेरी सांगत असे. खोटं होतं ते. घेतली होती.

पण मला राग होता. कशाचा? आता विचार करते तर धड सांगता येत नाही. स्वयंपाकघर त्यांचं, किल्ल्या त्यांच्या कमरेला, आज डाळ कुठली शिजायची तेही त्याच ठरवणार. वाईट बोलल्या नाहीत कधी – निदान लक्षात राहील असं तरी नाही. नुसत्या होत्या. सगळ्या घरभर होत्या. माझे केस पिकायला लागले तरी त्या घरात मी नवीनच होते.

आणि त्या खणखणीत होत्या हो. पूर्णगडला त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. महिन्यातून एकदा सकाळच्या एसटीनं त्या एकट्या जायच्या. बरोबर तांदळाच्या भाकऱ्या, तेलाची बाटली. बहिणीला न्हाऊ घालायच्या, वेणी घालायच्या, संध्याकाळी परत. कंडक्टरसुद्धा ओळखायचे. ‘माझ्याशिवाय तिच्या केसांना कोण हात लावताय,’ म्हणायच्या.

गणपती जवळ आले होते. आमच्याकडे तेव्हा सगळं पितळ निघतं – समया, पराती, घंटा. त्या दिवशी पूर्णगडला निघण्याआधी सासूबाईंनी मागच्या वर्षीची आमसुलं मोठ्या परातीत भिजवली, भांडी त्यात बुडवली आणि मला म्हणाल्या, दुपारी घासून ठेव. मी मान हलवली. त्या गेल्या. मी बाहेरची खोली झाडायला घेतली आणि कपाटाकडे लक्ष गेलं. पावसाच्या दमटपणानं काच धुरकट झालेली, दगडांवर ओलसर थर. मनात आलं, एवढं काय त्यात? पितळ लख्ख निघतं तर दगड का नाही? बघू दे तरी, मलाही येतं. आंबटाचं त्यांनी सांगितलेलं आठवत होतं का? होतं. आठवत होतं म्हणूनच घातले, असंही असेल.

सगळे दगड मी त्या परातीत सोडले आणि जेवून जरा पडले.

उठले तेव्हा अकीक ठीक होते, गुलाबी नि जांभळाही. दुधी दगड हाताला खरखरीत लागला. आणि हिरवा – त्याची झिलई गेली होती. पांढुरका, खडूसारखा. मी तेल चोळलं, फडक्यानं घासलं. बोटं दुखेपर्यंत घासलं. काही झालं नाही.

इथपर्यंत चूकच होती म्हणा. तेवढीच असती तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

संध्याकाळी त्या आल्या. पाय धुतले, आत आल्या आणि कपाटापाशी थबकल्या. हिरवा उचलून हातात घेतला. माझ्याकडे वळून बघितलं, आणि त्या काही विचारायच्या आत माझ्या तोंडून निघालं, ‘आई, दगड परातीतच होते. भांड्यांबरोबर तुम्हीच टाकलेत की सकाळी. मी बघितलं नि काढले.’

बोलायचं ठरवलं नव्हतं. भीतीनं निघालं. त्या म्हणाल्या, ‘नाय गो. माझ्या हातून असा व्हायचा नाय.’ मग जरा थांबून, ‘टाकलंय मी?’

तिथे सांगता आलं असतं. त्या ओरडल्या असत्या, चार दिवस बोलल्या नसत्या, मग गणपती आले असते आणि मोदकांच्या गडबडीत सगळं विरून गेलं असतं. मी म्हटलं, ‘घाईत होतात ना. होतं असं.’

पण त्यांना पटलं नव्हतं. दोन दिवस त्या मनाशी सकाळ उलगडत होत्या – उठले, चहा केला, आमसुलं काढली, मग काय केलं? मला ऐकू येत होतं. त्यांनी यांना सांगितलं की विषय निघणार, आणि हे आईच्या शब्दावर विश्वास ठेवणार, हे मला माहीत होतं. आता जे सांगते ते मी भीतीनं केलं नाही. डोकं अगदी शांत होतं. दुपारी त्यांनी दगड कोरडे पुसून ठेवले, त्या आडव्या झाल्या, आणि मी गुलाबी दगड उचलून तांदळाच्या डब्यात टाकला. वर तांदूळ सारखे केले. संध्याकाळी हे घरी आल्यावर म्हटलं, आई, जरा भाताला तांदूळ काढून द्या ना, माझे हात ओले आहेत.

डब्यात वाटी त्यांनीच घातली. यांच्यासमोर. वाटीतून तांदळाबरोबर तो दगड वर आला.

त्या वाटीकडे बघत राहिल्या. हे पुढे झाले, दगड काढून घेतला आणि लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, ‘राहू दे आई, तू बस.’ त्या बसल्या.

पुढे मला काहीच करावं लागलं नाही. त्या स्वतःच गॅसची बटणं पुन्हापुन्हा तपासू लागल्या. मीठ घातलं का, मला विचारू लागल्या. आणि विचारून विचारून दोनदा घालूही लागल्या. एक दिवस किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मी घेतल्या. यांनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. वार कुठला, महिना कुठला, मुलांची नावं – सगळं बरोबर सांगितलं त्यांनी. डॉक्टर म्हणाले, विशेष काही दिसत नाही. आणि मी – मी शेजारी बसून म्हटलं, ‘घरी विसरतात हो.’ कशाला म्हटलं? किल्ल्या तर मिळाल्याच होत्या.

पूर्णगडला जाणं त्यांनी सोडलं. वाटेत उतरायचं ठिकाण विसरले तर, म्हणायच्या. हे म्हणाले, हिला घेऊन जा. मी आज पाऊस, उद्या पाहुणे असं करत राहिले. थंडीत बहीण गेल्याचा फोन आला. शेवटी तिच्या केसांची जट झाली होती, ती कापूनच टाकावी लागली, असं तिच्या सुनेनं सांगितलं. सासूबाई फोनजवळच बसल्या होत्या. ‘बरा झाला गेली,’ एवढंच म्हणाल्या, आणि आपल्याच हातांकडे बघत बसल्या.

त्याही गेल्या आता. सासूचं किती केलंस, असं वाडीतली माणसं म्हणतात. मी ऐकून घेते. दगड मीच पुसते, त्यांच्यासारखेच, हिरव्याला कोरडं फडकं. रत्नांच्या दुकानात पुन्हा झिलई करून देतात म्हणे. मी नेला नाही.

जायच्या आधी काही दिवस त्यांना ताप होता, पण शुद्ध पुरी होती. एका सकाळी यांना जवळ बोलावलं. हात धरला आणि म्हणाल्या, ‘बाबांचा हिरवा दगड मी घालवलाय रे. कसा काय टाकलंय, मला अजून आठवत नाय. मनात धरू नको.’ हे म्हणाले, ‘जाऊ दे गं आई. एक दगड तो.’ त्यांनी डोळे मिटले, बऱ्याच दिवसांनी कपाळ सैल झालं.

मी पेजेची वाटी घेऊन दारात उभी होते. आत गेले, त्यांना टेकून बसवलं आणि पेज भरवली.