चारातलं एक

शिक्षकांकडे किस्से कसे साठतात म्हणून विचाराल, तर ते जमवावे लागत नाहीत. पेपर तपासायला घेतले की आपोआप बाहेर पडतात. माझ्याकडे जरा जास्तच साठले, त्याला कारण माझी एक खोड. उत्तर चुकलं की बाकीचे शिक्षक लाल रेघ मारून पुढं जायचे. मी त्या पोराला बोलावून विचारायची, "हे तुला कुणी शिकवलं?" रागानं नाही हं! मला खरंच जाणून घ्यायचं असायचं.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं ती. कॉलेजचं शिक्षण नुकतंच फुकट झालं होतं आणि वर्ग तुडुंब भरले होते. कॉलेज म्हणजे आमच्या मॉरिशसमध्ये माध्यमिक शाळाच. मी पुण्याहून बी.एस्सी. करून परतले होते. राहायला बो बासेंला आणि नोकरी पार उत्तरेला, रिव्हिएर दू रांपारच्या एका कॉलेजात. विषय बायॉलॉजी. पुस्तक इंग्रजीत, समजावणं फ्रेंचमध्ये, हसणं क्रेओलमध्ये आणि मराठी घरातलं पोर असेल तर वर्ग सुटल्यावर चार शब्द मराठीत!

त्यातही आनुवंशिकतेचा धडा आला की माझी चंगळ. बाकी धड्यांना मुलं कोरी येतात. या धड्याला सगळी आधीच शिकून आलेली असतात.

*

धडा सुरू होतो वाटाण्यापासून. एका पाद्रीबाबांनी मठाच्या बागेत उंच आणि बुटके वाटाणे लावले, त्यांचा संकर केला, पिढ्यान्पिढ्या मोजदाद ठेवली वगैरे. मी फळ्यावर वेल काढला. वर्ग ढिम्म.

"वाटाणा माहीत आहे ना?" मी विचारलं.

"हो मिस, डब्यात असतो."

त्यांचंही बरोबर. आमच्याकडे वाटाणा यायचा तो बोटीतून, डब्यात बंद होऊन. दुसऱ्या दिवशी मी डबा आणला, वर्गात फोडला आणि वाटाणे बशीत ओतले. रवीन नावाचा एक पोरगा वाकून वाकून बघत होता. सगळे हिरवे, सगळे गोल, सगळे एका मापाचे. तो म्हणाला, "आयो मिस! सगळेच सारखे. मग पाद्रीबाबांनी मोजलं काय?"

मागून मारी-आंज उठली. तिची प्राथमिक शाळा चर्चची. तिची शंका निराळी होती. "मिस, पाद्री लग्न करत नाहीत. मग मुलं कुणावर जातात हे त्यांना कसं कळणार?"

"म्हणूनच त्यांनी वाटाणे लावले!" मी म्हटलं.

तिचं समाधान झालं. माझं अजून झालेलं नाही.

*

त्याच तासानंतर मालती माझ्यापाशी थांबली. ब्रीझे वेर्दिएरची, भाजी पिकवणाऱ्या मराठी घरातली पोर. वय सोळा, वर्गात सगळ्यात हुशार आणि सगळ्यात कमी बोलणारी. आजूबाजूला कुणी नाही बघून मराठीत म्हणाली, "मिस, माज्या आईला दिवस गेल्यात. बाळ ऐकंल का?"

मला आधी कळेचना. मग एकेक कळत गेलं. मालती थोरली, तिच्या पाठीवर सुरेश, त्याच्यानंतर लीला. लीला सहा वर्षांची, जन्मापासून बहिरी. आईवडील आते-मामे भावंडं आणि दोन्हीकडच्या जुन्या पिढ्यांत एकेक माणूस तसंच होऊन गेलेलं. मालतीनं बायॉलॉजी घेतलं होतं तेच मुळी लीला अशी का, या एका प्रश्नासाठी.

आणि मी काय म्हणाले असेन? "पुढच्या धड्यात येईल हं!"

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

*

पुढच्या धड्याआधी रवीननं एक उत्तर लिहिलं. प्रश्न होता, एकाच आईबापांची मुलं वेगवेगळी का दिसतात? रवीनचं उत्तर: "जमिनीमुळे. माझा भाऊ उंच आहे, कारण तो झाला तेव्हा आम्ही नदीकाठच्या घरात राहत होतो. मी झालो तेव्हा खडकाळ जागेत आलो होतो."

मी बोलावलं. "हे तुला कुणी शिकवलं?"

त्यानं छाती काढून चौथीच्या मास्तरांचं नाव घेतलं. मास्तर सगळ्या वर्गाला उसाच्या शेतावर घेऊन गेले होते. उसाचा तुकडा कापायचा, सरीत आडवा ठेवायचा, माती लोटायची. जसा ऊस तसाच ऊस येतो. फरक पडलाच तर तो जमिनीचा, पाण्याचा आणि खताचा. रवीनला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते.

आता सांगा, यात मास्तरांचं काय चुकलं? ऊस तसाच लावतात!

मी त्याला समजावलं की उसाच्या तुकड्याला आई-बाप दोन नसतात, माणसाला असतात. तो विचारात पडला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे मिस, घर बदलून उपयोग नाही?"

*

रक्ताचा किस्सा तर स्टाफरूममध्ये वर्षभर चालला. गुण रक्तातून येत नाहीत, हे मी जीव तोडून सांगत होते. प्राथमिक शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असायचं की रक्त शरीरभर सगळं काही पोचवतं. सगळं म्हणजे सगळं! स्वभाव, चेहरा, राग, आवाज.

एक मुलगी हात वर करून म्हणाली, "पा व्रे, मिस!" म्हणजे खोटं आहे. "माझ्या काकांना ट्रकनं उडवलं. शेजाऱ्यानं रक्त दिलं. शेजारी डावखुरा. तेव्हापासून काका डाव्या हातानं जेवतात!"

 सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या बी.एस्सी.चा कस लागायची वेळ आली होती. मी विचारलं, "आणि काकांचा उजवा हात?"

"तो प्लास्टरमध्ये आहे, मिस."

*

पोरांना हसून काय करायचं? आमचे मस्ये आंद्रे, म्हणजे आंद्रे सर, बघा. गणिताचे शिक्षक, वीस वर्षांचा अनुभव. त्यांना पाच मुली. सहावं मूल व्हायचं होतं आणि ते स्टाफरूममध्ये छातीठोकपणे सांगत फिरत होते की या वेळी मुलगाच.

मी म्हटलं, "मस्ये, दर वेळी शक्यता निम्मीच असते. आधीच्या पाचांचा सहाव्याशी संबंध नाही."

"मादमोआझेल, मी गणित शिकवतो!" ते म्हणाले. "पाच झाल्या. हिशेब कुठंतरी बरोबर व्हायला नको?"

सहावी मुलगी झाली. आम्ही केक खाल्ला, अभिनंदन केलं. जाता जाता मस्ये माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आता तर सातवा नक्की!"

मी पोट धरून हसले. पुढच्याच आठवड्यात मालतीची वही माझ्या हातात आली.

*

तो 'पुढचा धडा' एव्हाना झाला होता. आईबाप दोघेही वरून निरोगी, पण दोघांमध्ये तोच एक दोष लपलेला असेल, तर मुलात तो उतरण्याची शक्यता चारात एक. मी चार घरांची चौकट काढून दाखवली होती. खाली प्रश्न दिला होता: अशा जोडप्याला तीन मुलं आहेत, त्यातल्या एकात दोष आहे. चौथ्या मुलात तो येण्याची शक्यता किती?

सुंदर अक्षरात मालतीनं लिहिलं होतं, "शून्य. चारातलं एक येऊन गेलं."

मी लाल पेन उचलला आणि तसाच खाली ठेवला. ती चौकट तिनं स्वतःच्या घराला लावून पाहिली होती हे उघड होतं. मालती, सुरेश, लीला आणि येणारं बाळ. चार घरं, चार मुलं!

तिला बोलावलं. "हे तुला कुणी शिकवलं?"

तिनं सांगितलं, तिसरीच्या बाईंनी. बाईंनी टेबलावर चार लिची ठेवल्या होत्या. एक उचलली आणि विचारलं, चारातली एक गेली, आता उरलेल्यांत ती आहे का? वर्गानं ओरडून सांगितलं, नाही! अपूर्णांकात मालतीला बक्षीस मिळालं होतं.

"उत्तर चुकलंय, मालती," मी म्हटलं.

ती गोरीमोरी झाली. "चुकून कसं चालंल, मिस? मी आईला सांगून बसलेय."

दुसऱ्या दिवशी मी शिवणाच्या वर्गातून बटणं मागून आणली. प्रत्येक बाकावर एक पिशवी, पिशवीत तीन पांढरी बटणं आणि एक लाल. न बघता एक काढायचं, रंग लिहायचा, परत टाकायचं, हलवायचं, पुन्हा काढायचं. दहा मिनिटांनी फिरून बघते तर निम्म्या वर्गानं लाल बटण निघाल्यावर ते बाहेर काढून ठेवलेलं!

"परत का टाकलं नाही?"

रवीन म्हणाला, "ते होऊन गेलं ना, मिस. आता बाकीच्यांची पाळी."

या पोरांना मला न विचारता शंभर शाळांनी एकच गोष्ट शिकवली होती: एकदा वाटून झालं की झालं. वर्गाला मी पुन्हा करायला लावलं. मालतीशेजारी मात्र स्वतः उभी राहिले. तिनं हात घातला. लाल. परत टाकलं, पिशवी हलवली, हात घातला. पुन्हा लाल.

तिनं ते बटण तळहातावर घेतलं. मग विचारलं, "आईला आता काय सांगू?"

याचं उत्तर कुठल्याच धड्यात नव्हतं. मी म्हटलं, "मी येते तुझ्याबरोबर."

*

शनिवारी बसनं ब्रीझे वेर्दिएरला गेले. रस्त्यात मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. दिवस भरत आलेल्या बाईला असं काही सांगायचं म्हणजे! आणि वर मी डॉक्टरही नाही.

मालतीची आई मागच्या वाफ्यात काकडी लावत होती. पोट सांभाळत, स्टुलावर बसून. लीला तिच्याजवळ बियांचा वाडगा धरून उभी होती. आईनं मातीनं माखलेल्या हातांनी हवेत काहीतरी केलं, लीला पळत जाऊन माझ्यासाठी खुर्ची घेऊन आली. मला वाटलं, एवढं जलद तर माझा वर्ग बोललेलंही ऐकत नाही.

मी सांगायला सुरुवात केली. चौकट, शक्यता, दर वेळी नव्यानं चारात एक. आई ऐकत होती आणि बिया टाकत होती. मी अडखळले तसं तिनंच हात थांबवला.

"मिस, म्या एका भोकात चार बिया टाकते. कवा चारी उगवतात, कवा एक बी नाय. दुसऱ्या भोकातलं बी पयल्या भोकाकडं बघून उगवतं व्हय?"

 पुण्यात तीन वर्षं घालवून मी जे शिकून आले होते, ते बाईनं बसल्या जागी सांगून टाकलं. तिची शाळा दुसरीत सुटलेली.

"मग मालतीनं शून्य म्हटलं तेव्हा तुम्ही हो कशाला म्हणालात?" मी विचारलं.

"पोरगी म्हैनाभर हसली नव्हती. त्या दिवशी हसली. मंग कशाला नाय म्हनू?"

मालती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. रागावून म्हणाली, "तुला ठाऊकच होतं, मंग मी शाळंत कशाला जातेय?"

आई म्हणाली, "परीक्षा द्यायला."

आम्ही तिघीही हसलो. लीला आमच्या तोंडाकडे बघून हसली. पण निघताना आईनं मला वाफ्याच्या टोकापर्यंत पोचवलं आणि तिथं उभी राहून म्हणाली, "भ्या वाटतंच हो, मिस. लीलेला कसं सांभाळायचं ते शिकायला मला सहा वरसं लागली."  मी तिचा हात धरला, माती माझ्या हातालाही लागली.

*

तीन आठवड्यांनी मालती एक सोमवार बुडवून मंगळवारी आली. मुलगा झाला होता. सगळा वर्ग बाहेर गेला तशी मी तिला थांबवलं. तोंडातून दुसरा प्रश्न निघेचना. "ऐकतो का गं?"

मालतीनं बाकावर बसून नीट सांगितलं. त्यांच्याकडे मूल झालं की आजी काशाचं ताट वाजवते. लीला झाली तेव्हाही वाजवलं होतं, चांगलं दणदणीत. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या आणि लीला झोपूनच राहिली. किती गुणी पोर, असं तेव्हा सगळे म्हणाले होते.

या वेळी घर माणसांनी भरलं होतं. शेजारीपाजारी, काका, आत्या. आजी ताट घेऊन बाळाजवळ आली. कुणी टाळ्या वाजवायच्या तयारीत नव्हतं. सगळे बाळाच्या डोळ्यांकडे बघत होते, बाबा तर भिंतीला धरून उभे होते. आजीनं हात उचलला.

"तवा आई उठून बसली," मालती म्हणाली. "आजीच्या हातातनं ताट मागून घेतलं आनि मला दिलं. म्हनली, 'यात भात वाढ. लीला सकाळधरनं उपाशी हाय.'"