डोंबाऱ्यासारखे वर्तन

“खाली उतर आधी. डोंबाऱ्याचा खेळ लावलाय का माझ्या शॉपमध्ये?”

आमचे वर्क्स मॅनेजर भावेसाहेब इतक्या जोरात ओरडले, की पिंपरीतला आवाज देहूत ऐकू गेला असेल. वर गर्डरवरून सोपान फिटर चालत होता. गर्डर म्हणजे छताखालची लोखंडी तुळई, जिच्यावरून क्रेन धावते. वीतभर रुंद, जमिनीपासून तीस फूट. माझ्या आठवणीत ही उंची दरवर्षी दोन फूट वाढते. सहा टनांचं धूड हवेत लटकलेलं ठेवून क्रेन बंद पडली होती. शिडी स्टोअरमध्ये, स्टोअरला कुलूप. सोपान खांबावरून चढला, फ्यूज बसवला, उतरला. क्रेन सुरू झाली आणि सोपानची नोकरी बंद पडायची वेळ आली.

मी पर्सोनेल ऑफिसर. चार्जशीट, म्हणजे माणसाला काढण्याआधी हातात द्यायचा आरोपांचा कागद, मीच तयार करायचो. साहेबांनी मजकूर सांगितला: ‘कामाच्या जागी डोंबाऱ्यासारखे वर्तन.’

“साहेब, सेफ्टी बेल्ट लावला नाही, एवढंच लिहू.”

“बेल्ट कंपनीत आहे कुठे? सांगतो तेच लिहा.”

मग एन्क्वायरी बसली. कंपनीने आपल्याच कामगारावर आपल्याच ऑफिसात चालवलेला खटला, न्यायाधीशही मीच. सोपानच्या बाजूने युनियनचे शेलार, कंपनीच्या बाजूने साक्षीला भावेसाहेब.

“साहेब, डोंबारी म्हणजे कोण?” शेलारांनी सुरुवात केली.

“गावोगाव फिरतात, दोरीवर चालून दाखवतात. पोटासाठी.”

“खेळ पाहिलाय?”

“लहानपणी, कैकदा.”

“कुणी पडलेला पाहिलात?”

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. “नाही.”

“म्हणजे डोंबाऱ्यासारखं वर्तन म्हणजे न पडता काम उरकणं. घ्या राव लिहून.”

मी घेतलं. तेव्हा सोपान पहिल्यांदा बोलला. “आन् आमी डोंबारीच हाय साहेब. आजा, बाप, समदे. दुसऱ्या कुनावानी वागू?”

साहेब तो शब्द दिवसातून वीसदा वापरायचे. उशिरा आलेल्या ट्रकला, ऑडिटला, हेड ऑफिसलासुद्धा. मीही वापरायचो. त्या शब्दावर कुणाची चूल पेटते, हे आम्हा शिकलेल्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

चार्जशीट मागे घेतलं. कंपनीने चार बेल्ट आणले आणि सोपानला क्रेन मेंटेनन्सला कायमचं नेमलं. तेव्हापासून चार्जशीटमध्ये मी कृत्य लिहितो, उपमा देत नाही.

ऑर्डर हातात देताना मी कौतुकाने विचारलं, “सोपानराव, दोरीवर किती वर्षं चाललात?”

“एक दिस न्हाई. मी खाली ढोलकी वाजवायचो.”