मॅचआधीचे महादूकाका

मॅच नव्वद मिनिटांची असते, आमची मात्र तीन तास आधी सुरू होते. पनवेलहून निघायचं, नेरूळला स्टेडियमबाहेरच्या मोकळ्या जागेत इकबालभाईंची व्हॅन लावायची, डिकी उघडायची आणि डबे आत नेऊ देत नाहीत म्हणून बाहेरच संपवायचे. कुठल्या मॅचला गोल कोणी मारला असं विचारलंत, तर फोनमध्ये बघावं लागेल. डिकीमागे कोण काय बोललं ते मात्र चौघांनाही पाठ आहे. असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. डबे धुवून ठेवले तरी ते मागे राहतात.

चौघं म्हणजे कोण, ते सांगते. माझा पनवेलमध्ये दातांचा दवाखाना आहे. इकबालभाईंचं बाजारात हार्डवेअरचं दुकान, त्याआधी बरीच वर्षं ते कुवेतला होते. समीर जोशी खांदा कॉलनीत राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि आमच्या टीमचा प्रत्येक पास त्याला आकड्यासकट माहीत असतो. चौथे महादूकाका म्हात्रे, गव्हाणचे, गोदीतून रिटायर झालेले.

काका आले ते समीरच्या बायकोच्या तिकिटावर. तिला ऐनवेळी ताप आला, तिकीट वाया जायला नको म्हणून इकबालभाईंनी दुकानात खिळे घ्यायला आलेल्या काकांनाच गाडीत घातलं. फुटबॉल त्यांनी कधी पाहिला नव्हता. हाफटाइमला मी विचारलं, "काका, आवडतंय का?"

"बरा हाय," काका म्हणाले. "पन बावीस मानसां, येवढा मोठा मैदान. आमच्या खेळात दोगंच असायचो, आन् पलायला जागा पन नाय."

"कुठला खेळ?"

"बॉक्सिंग. गोदीचा चॅम्पियन व्हतो मी."

त्या दिवशी दुसऱ्या हाफमधला गोल आम्ही तिघांनीही पाहिला नाही.

*

तेव्हापासून डिकीमागच्या गप्पा फुटबॉलने सुरू व्हायच्या आणि भाकरी हातात पडेपर्यंत बॉक्सिंगवर गेलेल्या असायच्या.

एकदा समीर रेफरीवर चिडला होता. मागच्या मॅचला आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली होती. काका शांतपणे म्हणाले, "आमचा रेफरी गोदीतला मुकादम व्हता."

झालं होतं असं. बंदरात एक परदेशी बोट लागली होती आणि तिच्यावरच्या एका धिप्पाड खलाशाची काकांशी लढत ठरली. दुसऱ्या राऊंडला काकांचा एक ठोसा लागला आणि तो खाली बसला. मुकादमाने मोजायला सुरुवात केली: एक, दोन, तीन. खलाशी निवांत. दहा झाले, काकांचा हात वर केला, तरी तो बसलेलाच. मग उठून भांडायला लागला. त्याला काही झालंच नव्हतं.

"मग उठला का नाही?" समीरने विचारलं.

"मुकादम मराठीत मोजत व्हता ना. त्याला वाटला, पोती मोजतोय."

*

इकबालभाईंचाही एक चॅम्पियन होता. कुवेतला त्यांच्या कॅम्पमध्ये सुदानी स्वयंपाकी होता, भिंतीएवढा. तरुणपणी तो त्यांच्याकडे मोठा बॉक्सर होता म्हणे. भटारखान्यात चुलीच्या वर त्याने आपला फोटो लावला होता, कमरेला पट्टा, दोन्ही हात वर.

"जेवण कसं असायचं?" मी विचारलं.

"अल्लाह बेहतर जाने," इकबालभाई म्हणाले. "दोन वर्षं डाळीत मीठ नव्हतं. तीनशे माणसं जेवायची, एकानेही शिकायत केली नाही."

पुढचं त्यांनी जरा थांबून सांगितलं. त्यांची अम्मी इथे वारली तेव्हा त्यांना सुट्टी मिळाली नाही. त्या दिवशी तो स्वयंपाकी ताट घेऊन खोलीवर आला, शेजारी बसला आणि ते जेवेपर्यंत उठला नाही. भाषा एकमेकांची येत नव्हती. "त्या दिवशी डाळीत मीठ होतं," इकबालभाई म्हणाले.

*

मग काका माझ्या दवाखान्यात आले. दाढ दुखत होती. मी दिवा लावला, तोंड उघडायला सांगितलं आणि बघतच राहिले. एक दाढ किडलेली, बाकी सगळे दात जागच्या जागी. ओठावर जुनी शिवण नाही. नाक सरळ. इतकी वर्षं दात बघतेय, ठोसे खाल्लेलं तोंड मला कळतं.

"काका," मी सहजच विचारल्यासारखं केलं, "इतक्या लढती केल्यात, एकही दात कसा नाही गेला?"

काकांनी चूळ भरली, तोंड पुसलं.

"हात लागला असता तर चॅम्पियन कसला, डॉक्टरबाय?"

मी दाढ भरली.

*

समीर मात्र शोधायला लागला. जुनी वर्तमानपत्रं, स्पर्धांच्या याद्या, जिथे जे मिळेल ते. गोदीच्या बॉक्सिंगमधली नावं सापडली, फोटो सापडले. महादू म्हात्रे कुठेच नाही. एका संध्याकाळी त्याने इकबालभाईंच्या दुकानात मला बोलावून घेतलं आणि लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

"विचारायला हवं ना आपण?" तो म्हणाला. त्याचा आवाज भांडणाचा नव्हता, दुखावल्यासारखा होता.

मी दातांचं सांगितलं नाही.

इकबालभाईंनी लॅपटॉप मिटला. "परवा मी त्यांच्या घरी नळ द्यायला गेलो होतो. त्यांची सून म्हणाली, मॅचच्या दिवशी बाबा सकाळी नऊलाच इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. सासूबाई गेल्यापासून एरवी दिवसदिवस बोलत नाहीत." ते समीरकडे बघत राहिले. "विचार. पण मग पुढच्या मॅचला तू त्यांना आणायला जायचं."

समीरने काही विचारलं नाही. लॅपटॉप घेऊन गेला.

*

आता मागच्या महिन्यातलं.

आम्ही नेहमीच्या जागी व्हॅन लावली होती. शेजारी एक गाडी येऊन थांबली. त्यातून एका बाईने आपल्या वडिलांना हात धरून उतरवलं. ऐंशीच्या आसपासचे, नाक चपटं, एक कान ठोसे खाऊन फुलकोबीसारखा झालेला. मला बघताक्षणी कळलं. आजूबाजूचे दोन-तीन प्रौढ लोक येऊन त्यांच्या पाया पडले. एकाने आम्हाला सांगितलं, "देशाचे चॅम्पियन होते. सगळ्या मुंबईचं बॉक्सिंग यांना माहीत."

आणि समीर, ज्याने सहा महिने तोंड बंद ठेवलं होतं, तो उत्साहात बोलून गेला, "आमचे हे महादू म्हात्रे काकापण गोदीचे चॅम्पियन आहेत."

बोलला आणि त्याचा चेहरा पडला. इकबालभाई वाढता वाढता थांबले. काका भाकरी-मटण खात होते, तसेच राहिले.

म्हातारबुवा वळले. सावकाश चालत काकांसमोर आले.

"कुठलं वजन?"

"बँटम," काका म्हणाले. आवाज जेमतेम आला.

"कुठल्या साली?"

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम होता.

म्हातारबुवांनी हात पुढे केला. काकांचा उजवा हात रश्श्याने भरलेला, म्हणून त्यांनी डावा दिला. म्हातारबुवांनी तो दोन्ही हातांत घेतला, एकेका बोटाच्या मुळावरून अंगठा फिरवला. बराच वेळ. मग काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग आमच्या तिघांच्या.

"महादू म्हात्रे," ते म्हणाले. नाव आताच समीरकडून कळलं होतं. "डावखुरा. पाहिलंय मी यांना. यांच्यासमोर उतरायला नको म्हणून मी वजन वाढवून वरच्या गटात गेलो."

आजूबाजूचे लोक हसले, कोणीतरी टाळी वाजवली. समीरने डोळे पुसले आणि मिरची लागल्याचं सांगितलं. इकबालभाईंनी म्हातारबुवांना आग्रहाने खुर्ची दिली, ताट दिलं. ते दोन घास खाऊन, काकांच्या खांद्यावर थोपटून, मुलीबरोबर गेटकडे गेले.

आम्हीही डबे आवरले आणि निघालो. गर्दीत काका माझ्या बाजूने चालत होते. गेट जवळ आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"डॉक्टरबाय, मानूस लय चांगला हाय," ते हळूच म्हणाले. "पन खोटा बोलला. मी डावखुरा नाय."