सेकंड बेसमनची बदली

अमेरिकेत अर्विंगला नवीन आले तेव्हा ऑफिसमधून घरी येताना गाडीत गाण्यांची स्टेशनं लावून पाहायचे. एकदा चुकून बेसबॉलची कॉमेंट्री लागली आणि मी तिथेच अडकले. हायवेवर ट्रॅफिक असा असायचा की घर येईपर्यंत नऊपैकी दोन-तीन इनिंग आरामात व्हायच्या. आधी नियम कळले, मग खेळाडू ओळखीचे झाले, आणि नंतर नंतर टीम हरली की मी नवऱ्याशी धड बोलेनाशी झाले. त्याला खेळात काडीचा रस नव्हता. "यार, ते लोक तुला पगार देतात का?" एवढंच तो विचारायचा.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. त्या हिवाळ्यात माझे सासरे नागपूरहून आमच्याकडे राहायला आले होते. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या होत्या, म्हणून बाबा एकटेच आले. सरकारी खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले, मितभाषी. माझं त्यांचं बोलणं "चहा ठेवू का?" आणि "चालेल" याच्या पलीकडे कधी गेलं नव्हतं.

हिवाळ्यात बेसबॉल नसतो, पण चाहत्यांचा जीव खरा तेव्हाच टांगणीला लागतो. कारण याच दिवसांत टीमचे मालक आणि अधिकारी माणसं इकडची तिकडे करतात. आमची टीम त्या वर्षी खालून मोजायला सोपी होती. आठ रन काढायचे आणि नऊ द्यायचे, हा नेमच. सीझन संपताच मॅनेजरला काढलं, म्हणजे मैदानावर टीम चालवणाऱ्याला. मग त्याच्याही वरचा जनरल मॅनेजर गेला आणि त्याच्या जागी त्याचाच असिस्टंट बसवला. माझ्याहून वयानं लहान! चेहऱ्यावरून तर आमच्या ऑफिसात नुकता लागलेला प्रोग्रॅमर वाटायचा.

आणि मग डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी रेडिओवर ऐकलं की आमच्या सेकंड बेसमनला पूर्व किनाऱ्यावरच्या एका टीमला देऊन टाकलं. बदल्यात दोन पोरसवदा पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, घेतले. सेकंड बेसमन म्हणजे दुसऱ्या बेसजवळ फील्डिंग करणारा. हा गडी बुटका, काटकुळा, पण बॉलवर असा झेपावायचा की उठल्यावर शर्टचा रंग ओळखू येत नसे. मला तो फार आवडायचा. माझी एक्झिट चुकली. घरी पोचले, गाडी बंद केली, पण रेडिओ चालूच ठेवून पार्किंगमध्ये बसून राहिले.

बऱ्याच वेळानं काचेवर टकटक झाली. माकडटोपी घातलेले बाबा काळजीनं आत बघत होते.

"काय झालं? कोणी गेलं का?"

"सेकंड बेसमन गेला, बाबा."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "अरेरे. तुमच्या ऑफिसातला?"

"नाही हो, बेसबॉलमधला. ट्रेड झाला. दुसऱ्या टीमला देऊन टाकलं त्याला."

त्यांनी टोपी परत घातली. "म्हणजे बदली झाली म्हण ना," ते म्हणाले, अन् जिना चढताना मागे वळून विचारलं, "विनंती बदली की प्रशासकीय?"

जेवताना त्यांनी सगळं नीट समजावून घेतलं. मॅनेजर आणि जनरल मॅनेजर वेगळे कसे, ट्रेड कोण करतो, खेळाडूला विचारतात की नाही. नवा जनरल मॅनेजर किती लहान आहे हे सांगितल्यावर म्हणाले, "थेट भरतीवाला दिसतो. असे लोक आल्याबरोबर फायली हलवतात." मी इतकी हसले की नवरा टीव्हीसमोरून उठून बघायला आला.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी स्वयंपाकघरातल्या रेडिओवर खेळांच्या गप्पांचं स्टेशन लावायला सुरुवात केली. मी घरी येईपर्यंत त्यांची मतं तयार असायची, आणि ती नेमकी माझ्या उलट असायची. माझं म्हणणं, चांगला जमलेला माणूस असा उपटून देऊ नये. त्याच्यामुळे बाकीचे जीव तोडून खेळतात. बाबा म्हणायचे, "अगं, तुमच्याकडे बॉलिंग आहे कुठे? रन काढून उपयोग काय बाप्पा? पिचर आणायचे तर काहीतरी द्यावंच लागेल ना." नव्या मॅनेजरवरूनही भांडायचो. तो आमच्याच टीममध्ये कितीतरी वर्षं कोच होता आणि पत्रकारांसमोर विनोद करायचा. मला तो फारच ढिला वाटे. बाबांना तो पसंत होता. "खालून वर आलेला आहे. त्याला माणसं माहीत आहेत."

आम्ही चढ्या आवाजात बोलायला लागलो की नवरा प्लेट घेऊन बाहेरच्या खोलीत जायचा.

एका शनिवारी मी इंडियन ग्रोसरी घेऊन घरी येत होते. गाडीत तेच स्टेशन चालू होतं. लोक फोन करून त्या ट्रेडवर तोंडसुख घेत होते. होस्ट म्हणाला, "आता अर्विंगहून एक सर लाइनवर आहेत," आणि पुढच्या क्षणी गाडीत बाबांचा आवाज घुमला.

"गुड मॉर्निंग. धिस इज विथ रेफरन्स टू द सेकंड बेसमन."

मी पहिला दिसला त्या पेट्रोल पंपावर गाडी घेतली.

होस्टनं विचारलं, तुम्ही टीम कधीपासून फॉलो करता? बाबांनी प्रामाणिकपणे सांगितलं, गेल्या महिन्यापासून. होस्ट हसला. पण बाबा आपल्या सरकारी इंग्रजीत शांतपणे पुढे बोलत राहिले. म्हणाले, खरी फॅन माझी सून आहे. ती फार नाराज आहे. ट्रेडबद्दल तिचं मत मला चुकीचं वाटतं, पण तिचा राग चुकीचा नाही. तो खेळाडू मुलांना घेऊन दुकानात गेला होता, तिथे त्याला ही बातमी तिसऱ्याच माणसाकडून कळली, असं मी तुमच्याच कार्यक्रमात ऐकलं. चांगल्या माणसाला हलवायचं असेल तर आधी केबिनमध्ये बोलवावं, खुर्ची द्यावी, आणि स्वतः सांगावं.

होस्ट म्हणाला, "सर, तुमची सून आत्ता ऐकतेय का?"

"नो. शी हॅज गॉन टू बाय कोरिअँडर."

घरी आले तर बाबा काहीच न घडल्यासारखे पेपर वाचत होते. मी कोथिंबिरीची जुडी त्यांच्यासमोर धरली. ते ओशाळले. "ऐकलंस काय? मला वाटलं, दुकानात असशील."

मग कोथिंबीर निवडता निवडता त्यांनी सांगितलं. ते गडचिरोलीकडे एका पुलाच्या कामावर होते. तीन खांब उभे राहिले होते, चौथ्याचं काम सुरू होतं, अन् त्यांची बदली झाली. ती त्यांना कळली चपराशाकडून. तो बिचारा पेढे मागायला आला होता, कारण त्याला वाटलं साहेबांनीच मागून घेतली. "पूल झाला नंतर. चांगला झाला," बाबा म्हणाले. "पण मी त्याच्यावरून अजून गेलो नाही."

एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. मी उठून चहा ठेवला.

एप्रिलमध्ये त्यांच्या परतीच्या आधी आम्ही दोघं मॅच बघायला गेलो. बाबांनी डोक्यावर टीमची टोपी घातली आणि नाचोवरच्या मिरच्यांना "नुसत्या आंबट" म्हणून नापास केलं. पिचिंगला होता त्या ट्रेडमध्ये आलेला डावखुरा पोरगा. दुसऱ्याच इनिंगमध्ये त्याची धुलाई झाली. लोक हुर्यो उडवायला लागले. मी बाबांकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं.

"बघू नकोस अशी," ते म्हणाले. "नुकताच रुजू झालाय."

नवा मॅनेजर सावकाश चालत मैदानात आला. आता हा काहीतरी विनोद करणार असं मला वाटलं. पण त्यानं पोराच्या हातातून बॉल घेतला, खांद्यावर हात ठेवून बराच वेळ काहीतरी बोलला, आणि पोरगा मान खाली न घालता बाहेर गेला. हा माणूस ढिला नाही, हे मला तिथे, त्या उन्हात पहिल्यांदा पटलं. बाबांना मात्र मी ते लगेच सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात टीम पुन्हा हरतच राहिली. आमचा सेकंड बेसमन तिकडे झकास खेळत होता, आणि डावखुरा हळूहळू सुधारत होता, म्हणजे भांडण कायम राहिलं. दर रविवारी नवरा नागपूरला फोन लावायचा. तब्येत, हवा, बहिणीचं बाळ एवढं विचारून झालं की तो रिसीव्हर माझ्या हातात द्यायचा. "घे. तुझ्याशी बोलायचंय त्यांना. कोणीतरी शॉर्टस्टॉप म्हणून खेळाडू आहे, त्याच्या गुडघ्याला काय झालं विचारतायत."