जिभेवरचा माणिक

खडा खरा की खोटा हे आम्ही जिभेनं ओळखायचो. माणिक जिभेच्या टोकाला लावला की गार लागतो आणि बराच वेळ गारच राहतो. काच लगेच कोमट होते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला हे सात-आठ वर्षांची असताना शिकवलं आणि त्याच दिवशी आणखी एक गोष्ट शिकवली. दागिना हातात आला की कामाचं बोलायचं, दागिन्याबद्दल बोलायचं नाही. जे कळेल ते आपल्यापाशी ठेवायचं.

पहिली गोष्ट मी शिकले. दुसरी मला कधी पटली नाही.

आमचं घर म्हणजे तट्टू जुंपलेली एक छकडी. आई लहानपणीच गेली, त्यामुळे छकडीत आम्ही दोघंच. उन्हाळ्यात वाई-साताऱ्याकडची गावं, नागपंचमीला शिराळा, दिवाळीनंतर विटा आणि आटपाडीचा माळ. नथीची तार जोडायची, बुगडीचा फिरकीचा आटा नीट करायचा, निसटलेला खडा लाखेत पुन्हा बसवायचा. विहिरी खणणाऱ्यांना काळ्या खडकाच्या पोटात गारगोट्या सापडायच्या. त्या आम्ही मागून घ्यायचो, सहाणेवर घासायचो आणि पितळेच्या अंगठ्यांत बसवून जत्रेत विकायचो.

माल गुंडाळायला कागद लागायचा. सांगलीतल्या एका छापखान्यात वाया गेलेली पत्रकं ढिगानं मिळायची. शाळा मी फक्त दोन हिवाळे पाहिली. बाकी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. ऊसतोड्यांची सभा, हुंड्याविरुद्ध मेळावा, देवऋषी लोकांना कसे फसवतात यावर व्याख्यान. काहींची अर्धी बाजू छापलेलीच नसायची, ती मी मनानं पुरी करायची. सगळ्या पत्रकांचं म्हणणं शेवटी एकच असायचं : खरं बोला, न घाबरता बोला. आणि आमचा धंदा चालायचा तो गप्प बसण्यावर. मला याची चीड यायची. मी आबांना तसं तोंडावर म्हणायचीही. ते फुंकणीतून निखाऱ्यावर फुंकर घालत राहायचे.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मी सतरा वर्षांची होते. आटपाडीच्या अलीकडच्या एका गावात सकाळी एका घरापुढं बसलो होतो. चांगलं बैलांचं, दुधाचं घर. घरचा मुलगा फौजेत, रजेवर आलेला. त्याच्या बायकोनं नथ आणली. तार तुटली होती. मोत्यांच्या मधोमध लाल खडा होता, तुरीच्या डाळीएवढा.

"आत्तींच्या आज्जीची हाय," आत घरात असलेल्या सासूकडे मान करून ती म्हणाली. "माणिक हाय त्यात. जपून करा, मामा."

आबांनी नथ हातात घेतली, एकदा बघितली आणि काही न बोलता काम सुरू केलं. मला ते जरा जास्तच गप्प वाटले.

फिरत्या कारागिराचा एक रिवाज असतो. काम मालकाच्या उंबऱ्यापुढं, त्याच्या डोळ्यांदेखत करायचं. मालक आत गेला तर दागिना फडक्यावर ठेवायचा, दोन्ही हात गुडघ्यांवर घ्यायचे आणि तो परत येईपर्यंत तसंच बसायचं. सून "दूध उतू चाललं" म्हणत आत पळाली. आबांनी हात गुडघ्यांवर घेतले.

मी घेतले नाहीत. उन्हात त्या खड्याचा रंग मला फार एकसारखा दिसत होता. मी नथ उचलली आणि खडा जिभेला लावला.

तेवढ्यात सून दारात आली.

"आगं बया! तोंडात काय घातलीस गं ती?"

मी नथ काढली. तेव्हा माफी मागितली असती, तर बहुतेक दोन शिव्यांवर भागलं असतं. पण खडा जिभेवर कोमट झाला होता आणि माझ्या डोक्यात पत्रकं होती. कुणीतरी या बाईला फसवलं आहे आणि तिला ते कळलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटलं.

"वहिनी, हा माणिक नाही," मी म्हणाले. "ही काच आहे."

आबांनी डोळे मिटले. मला ते अजून दिसतं.

पुढचं फार भराभर झालं. सुनेनं आरडाओरडा केला. फौजी न्हाणीतून तसाच ओल्या अंगानं बाहेर आला. गल्ली जमली. त्यांचा हिशेब सरळ होता. खडा काल खरा होता, आज काच आहे आणि मधे तो माझ्या तोंडात होता.

"गिळला आसंल तिनं," कुणीतरी म्हणालं.

"एरंडेल पाजा की! उद्या सकाळच्याला माणिक भायेर."

लोक हसले. मीही क्षणभर हसले असेन, कारण मला ती थट्टाच वाटली. मग एक म्हातारी खरंच वाटी घेऊन आली.

फौजीनं तिला हातानं थांबवलं. "ते नगं. सीधा चावडीवर चला. रिपोर्ट करतो."

चावडीच्या ओट्यावर आबांना खांबाला टेकून बसवलं. बांधलं नव्हतं, पण दोन्हीकडे माणसं उभी होती. पोलीस पाटलानं ठाण्यावर सायकलवरून माणूस पाठवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हवालदार पाचच्या एसटीनं येत्यात. तवर हालायचं न्हाई."

पाच म्हणजे काय ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. माझ्या चुलत्याला असंच एकदा पोलिसांनी नेलं होतं, एका जत्रेतून, कुणाच्या तरी हरवलेल्या पाटलीसाठी. पाटली आठवड्यानं घरातच सापडली. चुलता आठ महिन्यांनी आला. त्याच्या उजव्या हाताला नंतर चिमटा धरता येईना. स्वतःच्या छकडीत बसून तो मग फक्त तट्टू हाकायचा. आमच्यासारख्या फिरस्त्यांना पोलीस मारूनच विचारतात, गाव कुठलंही असो. मी आबांच्या बोटांकडे बघत होते. तार वळवून वळवून त्यांची नखं सपाट झाली होती. माझ्या तोंडात अजून त्या काचेची चव होती.

मग मला उपाय सुचला आणि मी उठून उभी राहिले.

"पाटील, खडा उघडा! पंचांसमोर उघडा. खड्याखाली लाख असते. आज बसवला असेल तर लाख ताजी, चकचकीत दिसेल. जुनी असेल तर काळी पडलेली, भुगा होणारी. आटपाडीचा कोणताही सोनार सांगेल."

लोकांत कुजबुज झाली. फौजी विचारात पडला. "बात बराबर हाय," तो म्हणाला.

"उघडू नका," आबा म्हणाले.

सकाळपासून त्यांनी उच्चारलेले हे पहिले शब्द.

"का रं?" पाटील पुढं वाकला. "का उघडायचा न्हाई?"

"मोडंल."

"मोडू दे की, काच तर हाय म्हणती तुझी पोरगी."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मी आबांकडे बघितलं. त्यांनी माझी नजर चुकवली. त्या वेळी मला जी भीती वाटली ती हवालदाराची नव्हती. माझ्या बापानं हे केलंय, असं मला वाटलं. कधी, कसं, काही कळत नव्हतं, पण ज्या माणसानं मला खरा दगड ओळखायला शिकवलं तोच... मी पुढचा विचार करू शकले नाही. मी खाली बसले.

उन्हं कलली. एसटीची वेळ जवळ आली तसा पाटील रस्त्याकडे बघू लागला.

तेव्हा फौजीची आई आली. सकाळच्या गोंधळात ती एकदाही बाहेर आली नव्हती. त्या गावात बायका चावडीपुढून जातानाही पदर ओढून, बाजूनं जात. ही सरळ ओट्याच्या पायरीवर चढली.

"आवं आक्का, तुमी कशाला?" पाटील गडबडला. "घरात बसा."

"त्येला सोडा," ती म्हणाली. "त्येनं काय केलेलं न्हाई."

"आई, तू जा," फौजी म्हणाला.

"खडा मी काढवलाय. ह्योच आला हुता, दुष्काळात. तूच बसव काच, म्या म्हनलं, आनि कुनाला बोलू नगंस म्हनलं." तिनं आबांकडे बोट केलं. "त्यो बोलला न्हाई. आत्ताबी बोलला न्हाई. तुमी न्हेला असता त्येला, तरी बोलला नसता."

पाटलानं विचारलं, "मग खरा माणिक कुठं गेला?"

"इकला."

"कुनाला?"

"ज्याला पायजे हुता त्येला. तुमाला काय करायचं हाय?"

ती आली तशी उतरून गेली. दुष्काळाच्या त्या हिवाळ्यात मी चुलत्याच्या मदतीला त्याच्या छकडीत होते, आबा इकडं एकटेच आले होते. मला तेव्हा आबांचा नकार कळला. सोनारानं लाख बघून सांगितलं असतं, आजची नाही, पण पणजीच्या काळातलीही नाही, दोन-तीन वर्षांची. आबा सुटले असते. आणि सगळं गाव त्या बाईच्या दारात उभं राहिलं असतं. माझ्या खरं बोलण्यानं शेवटी तेच झालं, फक्त तिला स्वतःच्या पायांनी यावं लागलं.

पाटलानं आम्हाला लगेच गाव सोडायला सांगितलं. एसटी आली तेव्हा आम्ही तट्टू जुंपत होतो. हवालदार उतरला, पाटलाशी काहीतरी बोलला, हसला आणि चहाला गेला. माझ्याकडून जोताची गाठ बसेना. आबांनी ती माझ्या हातातून घेतली. मला ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

फौजी आमच्या मागं मागं चालत आला. छकडीपासून दहा पावलांवर, हातात काठी. मला वाटलं, शिवार संपलं, लोक दिसेनासे झाले की हा मारणार. मी मागं बघायचं टाळत होते आणि त्याच्या वहाणांचा आवाज मोजत होते. शिवेवर आल्यावर त्यानं हाक दिली.

"थांब रं."

आबा थांबले. वळले. हात पुढं, उघडे.

"दुष्काळात म्हंजी कवा?"

"पौष-माघ असंल."

"मला पत्रात का न्हाई लिवलं तिनं?"

"ते मला कसं ठावं असंल?"

तो काठीनं माती उकरू लागला. मग म्हणाला, "मी फुडच्या दिवाळीला आलो, तर गोठ्यात बैलं तशीच हुती. सगळ्या गावाची गेलती. आमची तेवडी टिकली. म्या इचारलं, वैरण कुठनं आनली. ती म्हनली, देवाच्या दयेनं."

आबांनी हात खाली घेतले.

तो वळला आणि गावाकडे चालू लागला, झपझप, काठी खांद्यावर टाकून. मी छकडीत उभी राहून बघत होते. तो घरी कोणत्या मनानं चाललाय, आईच्या पाया पडायला की तिला जाब विचारायला, ते त्याच्या पाठीवरून काही कळत नव्हतं. मी आबांना विचारलं, "तिला काही करणार नाही ना तो?"

"आता चल," आबा म्हणाले, आणि त्यांनी तट्टू हाकलं.