बोलत राहिलेला वैमानिक

दादा, मी वसईहून निघाले त्या दिवशी पप्पा दारातच थांबले. विमानतळावर यायला तयार नव्हते. "काचेपलीकडून हात हलवायचा आणि एकट्यानं घरी यायचं, मला जमणार नाही," म्हणाले. दोन वर्षांनी ते गेले. तू फोनवर म्हणालास, "शांतपणे गेले गं." पुढचं काही कळलं नाही. दूर राहणाऱ्याला मरणाची नुसती बातमी मिळते.

इथे कतारमध्ये, दोह्यात मी वैमानिकांच्या संस्थेत लायब्रेरियन आहे, हे तुला माहीत आहे. हॅरल्ड सरांबद्दल मात्र कधी लिहिलं नाही. ते ब्रिटिश हवाई दलातले टेस्ट पायलट. नवं विमान कुठे दगा देतं, ते स्वतः उडवून शोधायचं, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर इथे शिकवायला आले आणि पत्नी वारल्यावरही राहिले. मला चिडवायचे, "मॅडम, नुसतं वाचता. कधीतरी उडा!"

"दरवर्षी उडते, सर. इकॉनॉमीत."

त्यांनीच सांगितलेला हवाई दलातला प्रसंग: चाचणीसाठी मुद्दाम गिरकीत घातलेलं लढाऊ विमान बाहेर येईना. जमीन गरगरत जवळ येत होती आणि हे रेडिओवर सपाट आवाजात सांगत होते: दांडा पुढे केला, फरक नाही. शेपटीचं सुकाणू, रडर, उलटं दिलं, फरक नाही. अगदी खाली आल्यावर विमान सावरलं.

"देव नाही आठवला?" मी विचारलं.

"आठवला की. पण त्याला दिसत होतं. खालच्या लोकांना दिसत नव्हतं. मी परतलो नसतो, तरी पुढच्या पायलटला कळायला हवं होतं."

मी बराच वेळ त्यांच्या हातांकडे बघत राहिले. म्हाताऱ्या माणसाचे साधे हात.

या उन्हाळ्यात ते हॉस्पिटलात होते. मुलगी लूसी इंग्लंडहून निघाली होती, दुपारी पोचणार होती. सकाळी मी शेजारी बसले असताना ते डोळे मिटून तुटक बोलू लागले. "पाय थंड. हात अजून माझे आहेत. श्वास जड." मग थांबून, "भीती. थोडी." मला उमगलं, ते रिपोर्ट देत होते. रेडिओच्या या टोकाला मी होते. "ऐकतेय, सर," मी म्हणत राहिले. "आता कमी," ते म्हणाले. नंतर काही बोलले नाहीत.

लूसीने कॉरिडॉरमध्येच विचारलं, "शांतपणे गेले ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं! मी तिला बाकावर बसवलं आणि पायांपासून सगळं सांगितलं. भीतीपाशी ती रडली. "आम्हाला कधी म्हणाले नाहीत, भीती वाटते म्हणून."

"मग कमी झाली म्हणाले."

डोळे पुसून ती म्हणाली, "पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

मी पुन्हा सांगितलं.

दादा, इतक्या वर्षांनी घर म्हणजे मला अशी जागा वाटते, जिथे 'कसे गेले?' हे विचारता येतं. पुढच्या महिन्यात येतेय. पप्पांच्या उशाशी तू होतास. मला सांभाळून घेऊ नकोस. दिसलं तेवढं सांग.